आमच्या दारासाठी योग्य शब्द

सासूबाई समोरच्या प्रोफेसरांच्या घरात शिरल्या, चपला काढल्या, आरामखुर्चीत टेकल्या आणि अंघोळ उरकून टॉवेलवर बाहेर आलेल्या प्रोफेसरांना म्हणाल्या, "किती वेळ ती अंघोळ? पाणी काय फुकट येतं?"

प्रोफेसरांनी सगळी हयात कॉलेजात इंग्रजी शिकवण्यात घालवली. त्यांच्या वर्गात खोकायची कुणाची टाप नव्हती म्हणतात. तो माणूस टॉवेलची गाठ धरून उभा राहिला आणि "सॉरी" म्हणाला. हे मला सासूबाईंकडून कळलं, आणि पुढचे कितीतरी दिवस ऑफिसात कंटाळा आला की मी ते "सॉरी" मनातल्या मनात वाजवून ऐकत होतो.

पण आवाज जावयाचा नाही हे सासूबाईंच्या तेव्हाच ध्यानात आलं. जावई सॉरी म्हणत नाही, एवढं त्या मला ओळखून आहेत. तरी त्या दचकल्या नाहीत की उठल्या नाहीत. "म्हटलं बघावं तुमचं घर कसंय," असं सांगून त्यांनी पंख्याची चौकशी केली, खिडक्यांचं कौतुक केलं आणि मग सावकाश भिंतीला हात लावत घरी आल्या. घरी येऊन मात्र स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या आणि निवडून ठेवलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली. सासूबाई झालेलं काम पुन्हा करतात म्हणजे प्रकरण गंभीर.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नजरेचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसेल, उजेड कळेल, चकाकणारं कळेल, पण समोर आलेल्या माणसाचं तोंड दिसणार नाही. ही गोष्ट घरातच ठेवायची, असं सासूबाईंनी आम्हाला बजावलं होतं. खाली बागेत त्यांचा एक बाक आहे. रोज संध्याकाळी त्या बाकावर चारपाच बायका बसतात आणि संपूर्ण इमारतीचा न्यायनिवाडा होतो. न्यायाधीश सासूबाई. "यांना कळलं मला दिसत नाही," त्या म्हणाल्या, "की उद्यापासून मला हाताला धरून बसवतील आणि निवाडा ती डेंटिस्टची आई करेल."

आणखी एकाला माहीत होतं, तो म्हणजे मेहुणा. बायकोचा थोरला भाऊ. माणूस प्रेमळ, पण त्याचं प्रेम कुलपात ठेवायच्या जातीचं. सासूबाई त्याच्याकडे मध्यंतरी राहून आल्या होत्या. त्याने दिवसरात्रीसाठी एक बाई ठेवली होती, ती संडासाच्या दाराबाहेर उभी राहून "झालं का" विचारायची. प्रोफेसरांच्या घरची हकिगत त्याला बायकोने हसत हसत फोनवर सांगितली. तो हसला नाही. आणखी एकदा आई परक्याच्या घरात शिरली तर मी गाडी घेऊन येतो आणि तिला घेऊन जातो, एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

तेव्हा प्रश्न साधा होता. सासूबाईंना आपलं दार ओळखता आलं पाहिजे.

आता कुणी म्हणेल, दारं मोजावीत. आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन लिफ्ट आहेत. एकीतून बाहेर पडलं तर आमचं दार डाव्या हाताला, दुसरीतून पडलं तर उजव्या हाताला. ज्याने हा नकाशा काढला त्याला मी एकदा भेटणार आहे. बाकी सगळी दारं एकाच मापाची, एकाच तपकिरी रंगाची. सोसायटीचा तसा नियमच आहे.

मी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून पाहुण्यांना आमचं घर सापडत नाही असं सांगितलं. सोसायटीचे खजिनदार आमच्याच मजल्यावर राहतात, ते म्हणाले, लाल पायपुसणं टाका. टाकलं. आमची झाडूवाली बाई सकाळी सगळ्यांची पायपुसणी एकत्र झटकते आणि नंतर तिच्या मनाला येईल तशी वाटते, त्यामुळे लाल पायपुसणं आठवडाभर मजल्यावर गावभर हिंडलं. डेंटिस्टबाई म्हणाल्या, कुंडी ठेवा. कुंडीला प्रत्येक जण जाता-येता पाणी घालायचा, ती बुडून मेली. तळमजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, घुंगरू बांधा. बांधलं. वारा आला की वाजायचं आणि वाजलं की प्रोफेसर दार उघडून "येस?" म्हणायचे.

शेवटी मी सजावटवाल्याकडे गेलो. हा हॉटेलांच्या लॉब्या सजवतो. त्याला म्हटलं, आंधळ्याला दिसेल असं दार हवंय. तो म्हणाला, साहेब, सगळी गिऱ्हाइकं हेच म्हणतात.

त्याने जुन्या दारावर सोनेरी पत्रा ठोकला. त्यावर आरशांचे तुकडे. मधोमध एक सिंहाचं तोंड आणि त्याखाली आणखी एक; दुसरा सिंह मी मागितला नव्हता, पण जास्तीचा पडून होता म्हणून त्याने तोही लावला. चौकटीभोवती दिव्यांची माळ, तीही पळणारी, म्हणजे उजेड एका कोपऱ्यातून निघून दाराभोवती फेरी मारून परत. काम झाल्यावर तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "उठून दिसतंय." मी म्हटलं, उठून काय, अंगावर येतंय.

बायकोने दार पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "आईसाठी हं. नाहीतर मी माहेरी गेले असते, पण माहेर इथेच राहायला आलंय."

त्या संध्याकाळी सासूबाई बाकावरून एकट्या वर आल्या. लिफ्टमधून बाहेर पडल्या आणि थांबल्या. मी दाराआड उभा राहून भोकातून बघत होतो. त्यांनी मान जरा वाकडी केली, कडेच्या नजरेने बघायची त्यांना आता सवय झाली होती. मग भिंतीला हात न लावता सरळ चालत आल्या, सिंहाच्या नाकावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "उघड."

एवढं काम झालं होतं. इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण सोसायटीला कमिटी आहे.

इथे माझी थोडी ख्याती सांगायला हवी. मागे मी लिफ्टमध्ये "लिफ्ट चालू असताना शिंकू नये, आदेशावरून" अशी पाटी लावली होती. लोकांनी ती कितीतरी दिवस पाळली. खजिनदार तर तळमजल्यावर उतरून शिंकून परत चढायचे. तेव्हापासून माझ्या घरी नळ दुरुस्त केला तरी लोकांना त्यात काहीतरी डाव दिसतो. सोनेरी दार पाहून सगळ्यांनी एकमताने ठरवलं की हे प्रोफेसरांना डिवचायला केलंय. मी नाही म्हटलं नाही. खरं कारण सांगता येत नव्हतं, आणि हे खोटं कारण मला तसं शोभूनही दिसत होतं.

आमच्या सोसायटीत नोटीस इंग्रजीतच निघते. मराठी नोटिशीवर लोक वाद घालतात, इंग्रजी नोटीस पाहिली की गप्प बसतात, असा सेक्रेटरींचा अनुभव. सेक्रेटरींचं टायरचं दुकान आहे आणि त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मसुदा प्रोफेसर करतात. प्रोफेसरांनीच एक नियम घालून ठेवलाय: नुसतं 'नियम मोडला' चालणार नाही, नोटिशीत दोष नेमक्या एका शब्दात लिहायचा. तो शब्द चुकीचा ठरला तर नोटीस रद्द, आणि नवी काढायची तर नवी मीटिंग. विद्वान माणसाने केलेला नियम. तो माझ्यासारख्याच्या हातात पडला तर काय होईल हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं.

कारण मी विमा कंपनीत काम करतो. पाटीवर "क्लेम मंजुरी विभाग" लिहिलंय, पण आमचं काम नामंजुरीचं. पाणी घरात शिरलं असेल तर भरपाई मिळते, झिरपलं असेल तर नाही. भिंत पडली असेल तर वेगळं, खचली असेल तर वेगळं. अशा एकेका शब्दावर मी लोकांची घरं पुन्हा पुन्हा पाडलेली आहेत. मला नोटीस पाठवणं म्हणजे न्हाव्याची हजामत करायला जाणं.

पहिली नोटीस आली, त्यात शब्द होता "फ्लॅशी". मी सजावटवाल्याला बोलावून पळणारा उजेड थांबवला. दिवे लागलेले, पण स्थिर. लिहून कळवलं की आता काहीही फ्लॅश होत नाही, येऊन बघावं. नोटीस रद्द. दुसरी आली "गॉडी" म्हणून. मी प्रोफेसरांचाच शब्दकोश दोन दिवसांसाठी मागून आणला. त्यांना नाही म्हणता येईना, कारण पुस्तक मागणाऱ्याला नाही म्हणायची त्यांना सवय नाही. मी लिहिलं की गॉडी म्हणजे रंगांचा भडक गोंधळ, आमच्या दाराला रंग एकच आहे, सोनेरी. कमिटी वर येऊन रंग मोजून गेली. आरशात स्वतःच्या शर्टाचा रंग दिसतो तो धरायचा का, यावर खजिनदार आणि सेक्रेटरी यांची जुंपली, आणि नोटीस बारगळली.

तिसरा शब्द मात्र मला लागला. "टॉड्री."

मी शब्दकोश उघडला आणि वाचून बसलो. भडक, आणि वर स्वस्तातलं. दिखाऊ, पण आतून पोकळ. बाकीचं काहीही चाललं असतं. पण स्वस्तातलं? सजावटवाल्याने माझ्याकडून जे घेतलं होतं त्यानंतर मला स्वस्त म्हणणं हा अन्याय होता. बायको म्हणाली, जाऊ द्या, त्यांना कुठे माहितीय. मी म्हटलं तेच तर. आयुष्यात पहिल्यांदा मी महागडी वस्तू केली आणि ती स्वस्तातली दिसते, हा काय न्याय झाला?

मी प्रोफेसरांकडे गेलो. खरं तर भांडायला. पण त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि त्यांचा चेहराच बदलला. निवृत्तीनंतर कुणी त्यांना शंका विचारली नसावी. ते फेऱ्या मारत समजावून सांगू लागले. गॉडी म्हणजे रंग ओरडतो. गॅरिश म्हणजे डोळ्यांना टोचतं. फ्लॅशी म्हणजे क्षणभर छाप पाडतं. ऑस्टेंटेशस म्हणजे माझ्याकडे बघा, मी किती श्रीमंत. टॉड्री म्हणजे तसंच, पण पैसे नसताना.

"उदाहरण द्या," मी म्हटलं.

त्यांनी दार बंद आहे ना पाहिलं. "सेक्रेटरींची अंगठी ऑस्टेंटेशस आहे, कारण ती खरी आहे. खजिनदारांची टॉड्री आहे, कारण ती खरी नाही."

"आणि आमचं दार?"

"तुमचं दार म्हणजे या सगळ्या शब्दांचं एकत्र कुटुंब आहे. पण नियमाप्रमाणे मला एकच लिहायचाय."

मला तो माणूस त्या दिवशी आवडला, हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

टॉड्री खरं की खोटं ते ठरवायला कमिटी प्रत्यक्ष पाहणीला आली. वस्तू मजबूत आहे की नाही बघू, म्हणून सेक्रेटरींनी सिंहाचं नाक ओढलं. निघालं नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. तरी नाही. मग त्यांनी एक पाय दाराला लावला आणि ओढलं, तेव्हा नाक हातात आलं आणि सेक्रेटरी खजिनदारांच्या मांडीत. मी शांतपणे विचारलं की हे नुकसान सोसायटी कोणत्या खात्यात टाकणार, आणि पुरावा कमिटीने स्वतः तयार केला असं लिहून द्यायचं का. टायरवाल्या माणसाला जोर किती लावावा याचा अंदाज नसतो, हे मी ओळखून होतो. नोटीस मागे घेतली गेली, आणि नाक मला परत मिळालं. ते मी फ्रिजवर ठेवलं.

मग कुणीतरी मीटिंगमध्ये "व्हल्गर" सुचवला. ही बातमी बायकोला लागली आणि ती कपडे बदलून खाली गेली. तिथे ती काय बोलली ते मला कळलं नाही. पण तो शब्द परत कुणी उच्चारला नाही, आणि सेक्रेटरी त्यानंतर तिला लिफ्टमध्ये पुढे जाऊ देतात.

"ऑस्टेंटेशस"चं उत्तर मी तोंडीच दिलं. सेक्रेटरींना चहाला बोलावलं. त्यांनी आमचा सोफा पाहिला, ज्याच्या एका पायाखाली जुना रेडिओ आहे. पंखा पाहिला, जो काठीने ढोसल्यावर सुरू होतो. त्यांना एक बिस्किट दिलं, मीही एकच घेतलं. चहा संपवून ते म्हणाले, नाही, श्रीमंतीचा दिखावा आहे असं मला आता वाटत नाही. आणि सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढा अपमान एकाही नोटिशीत झाला नव्हता.

शेवटचा "गॅरिश". डोळ्यांना टोचतं. यासाठी रहिवाशांच्या सह्या हव्यात असं ठरलं. ज्यांचे डोळे दुखतात त्यांनी सही करावी. खरं तर मला इथे हरणं भाग होतं. डोळ्यांवरच विषय आला होता आणि डोळ्यांबद्दलच मला बोलता येत नव्हतं. एका वाक्यात सगळं मिटलं असतं: माझ्या सासूला दिसत नाही. मी सासूबाईंना तसं विचारलंसुद्धा. त्या म्हणाल्या, "तुम्हाला लोक मूर्ख समजले तर चालेल का?" मी म्हटलं, समजतातच. "मग समजू द्या आणखी थोडे दिवस."

सह्या गोळा करायला खजिनदार डेंटिस्टबाईंकडे गेले. बाईंचा दवाखाना घरीच आहे, आमच्याच मजल्यावर. त्यांनी सही करायला नकार दिला. कारण विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी सजावटवाल्याला बोलावून माप दिलंय. आमच्या दारामुळे त्यांचे पेशंट थांबून बघतात, फोटो काढतात आणि त्यांच्या दाराकडे ढुंकून बघत नाहीत, ही त्यांची तक्रार. म्हणजे त्यांचेही डोळे दुखत होते, पण वेगळ्या कारणाने.

त्यानंतर जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. डेंटिस्टबाईंच्या दारावर सोनेरी पत्रा आणि दोन पांढरेशुभ्र खांब आले, दाढांसारखे. ते पाहून खजिनदारांनी कमळं लावली. सेक्रेटरींच्या घरात त्याच आठवड्यात भांडण झालं आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारावर हत्ती आले, एक नाही, कळप. सजावटवाला आमच्या इमारतीतच जेवू लागला. मला भेटला की वाकून नमस्कार करायचा. प्रत्येकाच्या मनात इतकी वर्षं एक सोनेरी दार दबून बसलं होतं आणि ते कुणीतरी आधी करायची वाट बघत होतं, हे मला काय माहीत.

आणि मग सोसायटीने ठराव केला. सगळी दारं एकसारखी असावीत हा मूळ नियम. आता बहुतेक दारं सोनेरी झालीत. तेव्हा उरलेल्यांनीही सोनेरी करावीत, म्हणजे नियम पाळला जाईल. प्रोफेसर विरोधात बोलले, एकटेच. मग ठराव पास झाला आणि त्याचा इंग्रजी मसुदाही त्यांनाच करावा लागला. सजावटवाल्याकडे शेवटी मोरच शिल्लक होते, म्हणून प्रोफेसरांच्या दाराला मोर आला, पिसारा पूर्ण फुललेला, पिसाऱ्याच्या प्रत्येक डोळ्यात आरसा. सासूबाईंनी कौतुकाच्या निमित्ताने तो वरपासून खालपर्यंत हाताने चाचपून पाहिला. त्या दिवसापासून ते घरात शिरताना डोळे मिटून घेत.

मला गंमत वाटत होती. खोटं कशाला बोलू, मला फारच गंमत वाटत होती. इतकी की मूळ काम काय होतं तेच मी विसरलो.

त्याची आठवण सासूबाईंनी करून दिली. एका संध्याकाळी त्या उशिरा घरी आल्या आणि बायकोने विचारलं तर नुसते दात दाखवले. कवळी लख्ख चमकत होती. झालं होतं असं की लिफ्टमधून बाहेर पडल्यावर चहूकडे नुसता झगमगाट. त्यांनी अंदाजाने एक दार धरलं, आत गेल्या, खुर्चीत बसल्या. डेंटिस्टबाई म्हणाल्या, आ करा. आता चुकून आले म्हणायचं तर गुपित फुटतं, म्हणून सासूबाईंनी आ केला. बाईंनी कवळी काढली, घासली, परत बसवली, सहा महिन्यांनी या म्हणाल्या. सासूबाई हे सांगताना हसत होत्या, पण सांगून होताच उठून दाराची कडी दोनदा चाचपून आल्या.

नेमका त्याच वेळी मेहुण्याचा फोन आला. तो रविवारी येणार होता. आई एकटी फिरते म्हणतेस ना, मग मला एकदा बघायचंय, म्हणाला. त्याने आईसाठी खोली रंगवून ठेवली होती आणि ती बाईही पुन्हा ठरवली होती.

शनिवारी मी पक्कड आणि हातोडी घेतली आणि स्वतःच्या दारावरचं सोनं उपसलं. माळ काढली, आरसे काढले, दोन्ही सिंह काढले. आतून जुनं तपकिरी दार निघालं, खिळ्यांच्या भोकांनी चाळण झालेलं. मी ते तसंच ठेवलं. सगळ्या मजल्यावर तेवढंच एक अंधारं होतं, तोंडात एखादा दात पडलेला असावा तसं. बायको लिफ्टपाशी जाऊन डोळे बारीक करून आली आणि म्हणाली, "बरोबर आहे. आता दिसतंय."

रविवारी मेहुणा खाली बाकावर आईला भेटला आणि दोघं वर आली. मी पुन्हा भोकाला डोळा लावून. लिफ्ट उघडली. मेहुणा बाहेर पडला, त्या झगमगाटाकडे पाहून थबकला, डोळ्यांपुढे हात धरला आणि सरळ जाऊन खजिनदारांची बेल वाजवली. सासूबाईंनी मान जरा वाकडी केली. मग चालत आल्या, आमच्या दाराच्या भोकांवरून हात फिरवला आणि मागे वळून मुलाला म्हणाल्या, "इकडे रे. तिकडे कुठे शिरतोस लोकांच्या घरात?"

मेहुणा जेवला, खजिनदारांची माफी मागून आला आणि एकटाच परत गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, हे दार असंच ठेवणार आहात ना? मी म्हटलं, ठेवणार. तो म्हणाला, नाही ठेवलं तर मला कळवा. त्याची गाडी खाली वळून जाईपर्यंत सासूबाई खिडकीत उभ्या होत्या. त्यांना गाडी दिसत नव्हती, पण आवाज ऐकत होत्या.

ठरावाचा भंग झाला म्हणून लगेच मीटिंग लागली. या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. आधीच्या सगळ्या नोटिशी मी खेळत खेळत उडवल्या होत्या, पण या वेळी दार गेलं तर सासूबाई जाणार होत्या. आणि या वेळी माझी बाजू कच्ची होती. शब्दकोश मी परत केला नव्हता, आदल्या दिवशी तो चाळून बसलो होतो. साध्या, मळकट, कळाहीन वस्तूंसाठीही इंग्रजीत भरपूर शब्द आहेत. ड्रॅब. डाउडी. डिंजी. शॅबी. यातला कुठलाही लिहिला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दाराकडे बघून मी स्वतः क्लेम नाकारला असता.

मीटिंग सेक्रेटरींच्या घरी होती. सेक्रेटरी म्हणाले, यांचं दार साधं आहे, ते इंग्रजीत लिहा आणि नोटीस काढा. प्रोफेसरांनी पेन उघडलं.

"सिंपल लिहितो," ते म्हणाले. "पण सांगून ठेवतो, हे कौतुक आहे."

"मग दुसरा घ्या."

"सोबर."

"म्हणजे?"

"म्हणजे संयमी. हेही कौतुकच."

खजिनदार म्हणाले, अहो, काहीतरी वाईट घ्या. प्रोफेसरांनी छताकडे पाहत विचार केला. मॉडेस्ट म्हणाले, मग स्वतःच मान हलवून नको म्हणाले, कारण तो तर सद्गुण झाला. एलिगंट म्हणाले, म्हणजे साधंच पण देखणं, हा अर्थ ऐकून सेक्रेटरींच्या पत्नी आतून म्हणाल्या की मग हत्ती काढायचे का. त्यावर थोडा गोंधळ झाला. सेक्रेटरींनी टेबलावर हात आपटला.

"एवढी मोठी भाषा," ते म्हणाले, "भडकपणाला पाच-पाच शब्द, आणि साध्या दाराला एक शिवी नाही?"

"नाही," प्रोफेसर म्हणाले. "इंग्रजांना सुचलीच नाही."

त्यांच्या तोंडावरची रेष हलली नाही. मी माणसांना थापा मारत मोठा झालो, चांगली थाप मला लांबून कळते. इतकी स्वच्छ थाप मी आयुष्यात मारलेली नाही. नियमाप्रमाणे शब्द नाही तर नोटीस नाही. विषय संपला आणि कमिटी पाण्याच्या टाकीकडे वळली.

वर जाताना लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी हळूच म्हटलं, "सर, ड्रॅब चालला असता."

"डाउडीही चालला असता," ते आकड्यांकडे बघत म्हणाले. "डिंजी सगळ्यात अचूक होता. माझ्याकडे अर्धं पान भरेल एवढे आहेत."

आणखी एक मजला गेल्यावर ते पुढे म्हणाले, "सकाळी दार उघडलं की समोर तुमचं दार असतं. या इमारतीत नजर टेकवायला तेवढीच एक जागा उरलीय. तिच्यावरही मोर बसवू?"

आणखी काही कारण होतं का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

लिफ्ट थांबली. त्याच वेळी समोरच्या लिफ्टमधून सासूबाई बाहेर पडल्या, बाकावरून परत आलेल्या. भिंतीला हात न लावता त्या आमच्या अंधाऱ्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या किल्लीची वाट बघू लागल्या. प्रोफेसर मात्र स्वतःच्या दारापुढे किल्ली हातात घेऊन अडले होते. पिसाऱ्यातले सगळे आरसे एकदम चमकत होते आणि डोळे मिटून घ्यायच्या सवयीमुळे त्यांना कुलपाचं भोक काही सापडेना. किल्ली पत्र्यावर खडखडत होती, आणि ते तोंडातल्या तोंडात इंग्रजीत काहीतरी पुटपुटत होते.

सासूबाईंनी पाठमोऱ्या उभ्या राहूनच ते ऐकलं.

"सर," त्या म्हणाल्या, "जरा खाली. मोराच्या पोटाशी."

प्रोफेसरांनी चाचपून पाहिलं. भोक तिथेच होतं.